बर्फावर घसरण्याची विद्या

“तुला तिकडे शिकावयास पाठविलें आहे कीं घसरावयास?”

हा प्रश्न आमच्या वडिलांनीं आम्हांस २०१७ सालच्या जानेवारी महिन्यांत दूरध्वनीवरून विचारला. त्या वेळीं आम्ही ऑस्ट्रिया देशांतील इन्सब्रुक येथील विद्यापीठांत विद्यार्थि-विनिमयाच्या योजनेखालीं एका सत्रापुरते शिकत होतों, आणि बरोबरच्या परदेशी विद्यार्थ्यांनीं बर्फावर स्की शिकण्यासाठीं तीन दिवसांची सहल ठरविली होती. सहलीस लागणारी रक्कम आमच्या दोन महिन्यांच्या जेवणखर्चाएवढी होती; म्हणून घरीं विचारणें प्राप्त होतें. बाबांच्या प्रश्नास आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. “सगळेच चालले आहेत,” असें कांहींतरी आम्ही पुटपुटलों. हें उत्तर नव्हे, हें इयत्ता चौथींतल्या मुलासहि कळतें. पैसे आले, प्रश्न मात्र तसाच राहिला.

गेल्या दिवाळींत तोच प्रश्न फिरून आमच्या दारीं आला. शेजारच्या एका गृहस्थांची कन्या, जी ह्याच शाळेंत शिकली, अशाच योजनेंतून युरोपांतील एका विद्यापीठांत गेली आहे. तिनें स्कीच्या सहलीसाठीं पैसे मागितले होते, आणि तिचे वडील सल्ला विचारावयास बाबांकडे आले होते. बाबांनीं आमच्याकडे बोट केलें आणि म्हणाले, “हा जाऊन आला आहे. ह्यालाच विचारा.” त्या संध्याकाळीं आम्हीं जें सांगितलें तेंच थोड्या विस्तारानें ह्या वार्षिकांत लिहीत आहों, कारण हा प्रश्न आतां एकट्यादुकट्या पित्याचा राहिलेला नाहीं.

आमचें मत प्रथमच सांगून टाकतों. परदेशीं गेलेल्या विद्यार्थ्यानें अशा सहलीस अवश्य जावें. ती अभ्यासांतून काढलेली सुटी नसून अभ्यासाचाच एक भाग आहे. मात्र त्या भागास कोणतेंहि विद्यापीठ गुण देत नाहीं. परंतु जो जाईल त्यानें सर्वांत खालच्या वर्गांत बसण्याची तयारी ठेवून जावें, आणि शिक्षक उठवीपर्यंत तेथून उठूं नये. हें शेवटचें वाक्य शिकण्याची किंमत आम्हीं दिली, आणि आमच्याहून अधिक दुसऱ्या कोणी तरी दिली. तें पुढें येईलच.

प्रथम ह्या खेळाविषयीं थोडेंसें. स्की म्हणजे पायांस बांधावयाच्या दोन लांब, अरुंद पट्ट्या. पुढील टोंक वर वळलेलें, खालचा भाग गुळगुळीत, आणि दोहों कडांस पोलादाची धार. मूळच्या नॉर्वेच्या जुन्या भाषेंतील शब्दाचा अर्थ ‘चिरलेलें लांकूड’ एवढाच आहे. आपल्याकडे हा खेळ म्हणजे धनिकांचा षोक अशी समजूत आहे, आणि डोंगरांतील हॉटेलांचे दर पाहतां ती अगदींच खोटी म्हणवत नाहीं. परंतु ह्या विद्येचा जन्म श्रीमंतांच्या घरीं झालेला नाहीं. हिवाळ्यांत जेथें कमरेएवढें बर्फ सांचतें, तेथें शेजारच्या वाडीस जावयाचें, लांकूडफांटा आणावयाचा, शिकार करावयाची, तर पायांस फळ्या बांधल्यावांचून गत्यंतरच नसे. नॉर्वेच्या टेलेमार्क प्रांतांतील मॉर्गेडाल गांवचा सोंद्रे नूरहाइम (१८२५–१८९७) ह्यास अर्वाचीन स्कीचा जनक म्हणतात. तो दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारा गरीब कूळ होता. झाडाच्या पिळलेल्या डहाळ्यांनीं टांच आवळून धरण्याची युक्ति त्यानें प्रचारांत आणली, त्यामुळें वळतांना आणि उडी घेतांना फळी पायांतून निसटेनाशी झाली. उतारवयांत तो पोटासाठीं अमेरिकेस गेला व तेथेंच वारला. पुढें १८८८ सालीं फ्रिट्यॉफ नान्सेन ह्यांनीं स्कीवरून ग्रीनलंडचा हिमप्रदेश ओलांडला. त्या प्रवासाचें त्यांचें पुस्तक युरोपांत वाचलें गेलें, तेव्हां मध्य युरोपांतील डोंगरी लोकांस ह्या फळ्यांची गोडी लागली.

आमची सहल आर्लबर्ग नांवाच्या घाटांत, सांक्ट अँटोन ह्या गांवीं होती. इन्सब्रुकहून आगगाडीनें तेथें जाण्यास सुमारें सव्वा तास लागतो. गांवाची उंची सुमारें १,३०० मीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या महाबळेश्वराएवढी; परंतु आम्ही गेलों तेव्हां छपरांवर गाद्यांसारखे बर्फाचे थर होते आणि नाकांतला श्वास मिशीवर गोठत होता. (मिशी नुकतीच राखली होती, ती घरीं कोणास आवडली नाहीं, तो विषय निराळा.) घाट चढून थोडें वर गेलें कीं सांक्ट क्रिस्टोफ हें ठाणें लागतें. त्याची कथा आपल्या शाळेच्या वाचकांस आवडेल. हाइन्रिख नांवाचा एक अनाथ मुलगा होता. लोक त्यास ‘फिंडेलकिंड’, म्हणजे सांपडलेलें पोर, असेंच म्हणत. तो एका सरदाराच्या गढीवर डुकरें राखी. हिवाळ्यांत घाट ओलांडतांना गारठून मेलेल्या वाटसरूंचीं प्रेतें तो पाही. शेवटीं गांठीस असलेल्या थोडक्या पैशांवर त्यानें घाटमाथ्यावर धर्मशाळा बांधण्याचें मनावर घेतलें, आणि ड्यूक लेओपोल्ड तिसरा ह्याच्या परवानगीनें १३८६ सालीं ती उभी केली. त्या कामासाठीं निघालेला बंधुसंघ आजहि गरजूंस साहाय्य करीत आहे. बर्फ हें आधीं मरणाचें ठिकाण होतें व खेळाचें मागाहून झालें, हें त्या घाटांत विसरतां येत नाहीं.

ह्याच घाटांतील स्टुबेन खेड्यांत १८९० सालीं जन्मलेले हान्नेस श्नायडर हे १९०७ पासून सांक्ट अँटोन येथें स्की शिकवूं लागले. पहिल्या महायुद्धानंतर त्यांनीं तेथें जी शाळा चालविली, तिच्या पद्धतीवर पुढें देशोदेशींचे लोक स्की शिकले. त्या पद्धतीचें मर्म साधें आहे. शिकणारांचे वर्ग त्यांच्या कौशल्याप्रमाणें पाडावयाचे, आणि एक वळण अंगीं मुरल्यावांचून पुढचें दाखवावयाचें नाहीं. मनुष्य बँकेचा अधिकारी असो कीं हॉटेलांतला पोऱ्या असो, वर्ग ठरावयाचा तो त्याच्या पायांवरून.

सांक्ट अँटोनास गेलेला भारतीय मनुष्य आणखी एका शब्दानें चमकतो. तो शब्द ‘कंदाहार’. श्नायडर आणि अर्नोल्ड लन ह्या इंग्रज गृहस्थांनीं १९२८ सालीं येथें जी शर्यत सुरू केली तिचें नांव ‘आर्लबर्ग–कंदाहार’. लन ह्यांचा जन्म १८८८ सालचा, तो चक्क मद्रासेंतला. त्यांचे वडील हेन्री लन हे मेथॉडिस्ट पंथाचे वैद्यकीय मिशनरी म्हणून हिंदुस्थानांत आले होते. कंदाहार हें नांव आलें लॉर्ड रॉबर्ट्स ह्यांच्या किताबावरून. त्यांनीं १९११ सालीं स्वित्झर्लंडांतील एका स्की-शर्यतीस चषक दिला होता, आणि तेहि जन्मानें कानपूरचे! असें हें अफगाणिस्तानांतील शहराचें नांव, हिंदुस्थानांत जन्मलेल्या दोघां साहेबांमुळें, ऑस्ट्रियाच्या डोंगरास चिकटलें आहे. १९३८ सालीं नाझींनीं ऑस्ट्रिया गिळंकृत केला तेव्हां त्यांचे विरोधक म्हणून श्नायडर ह्यांस अटक झाली. लन ह्यांनीं निषेध म्हणून त्या वर्षींची शर्यत रद्द केली. श्नायडर पुढें सुटले व १९३९ सालीं अमेरिकेंतील न्यू हॅम्पशायर संस्थानांत जाऊन पुन्हां लोकांस बर्फावर उभें राहावयास शिकवूं लागले. बर्फावर जुळलेला स्नेह संकटांत टिकला, त्याचें हें उदाहरण आम्हीं मुद्दाम दिलें.

आतां आमचा वर्ग. आम्ही एकंदर चौदा जण होतों. त्यांत एक फिनलंडचा मुलगा, जो चालावयास लागला त्याच वर्षीं स्कीवर उभा राहिला होता; स्पेनचे दोघे; एक कोरियाची मुलगी; एक ब्राझीलची, जी गृहरचनाशास्त्र शिकत होती; हॅम्बुर्गचा एक जर्मन; आणि इतर. भारतीय आम्ही एकटेच. इन्सब्रुकांत आणखी तीन भारतीय होते, परंतु ते आले नाहींत. एकानें पैशाचें कारण सांगितलें, तें खरें होतें. दुसऱ्यानें अभ्यासाचें सांगितलें, तें खरें नव्हतें. तिसरा प्रामाणिकपणें म्हणाला, “सगळ्यांदेखत कोण पडेल?” ह्या तिसऱ्याचें उत्तर आम्हांस अजून आठवतें, कारण तें आमच्याहि मनांत होतें, फक्त तोंडावर आणण्याचें धैर्य आम्हांस नव्हतें.

पहिल्या दिवशीं सकाळीं शिक्षकानें सर्वांस थोडें घसरून दाखवावयास सांगितलें आणि दोन मिनिटांत चौदा जणांचे तीन वर्ग केले. तिसऱ्या वर्गांत आम्ही, कोरियाची मुलगी आणि स्पेनचा एक जण असे तिघेच. वाचकहो, आम्ही ह्या शाळेंत असतांना पहिला नंबर सहसा सोडला नाहीं. पुढें महाविद्यालयांतहि तोच क्रम. शिष्यवृत्ति मिळाली तीहि त्याच बळावर. आयुष्यांत सर्वांत खालच्या वर्गांत बसण्याचा प्रसंग आम्हांस प्रथमच आला, आणि तोहि वयाच्या एकविसाव्या वर्षीं, परक्या भाषेंत. शेजारच्याच उतारावर चार-पांच वर्षांचीं मुलें, हातांत काठ्याहि न घेतां, बदकांच्या पिलांसारखीं एकामागून एक आमच्यासमोरून निघून जात होतीं.

आमचे शिक्षक साठीच्या घरांतले शेतकरी होते. उन्हाळ्यांत गवत कापावयाचें, गाई राखावयाच्या, आणि हिवाळ्यांत परदेशी लोकांस पडावयास शिकवावयाचें, हा त्यांचा धंदा. त्यांची टिरोली बोली आम्हांस तर नाहींच, पण हॅम्बुर्गच्या जर्मनासहि नीट कळत नसे. त्यामुळें आमची लाज थोडी कमी झाली. त्या डोंगरांत एक गमतीचा रिवाज आहे. हजार मीटरच्या वर गेलें कीं ‘आपण’, ‘तुम्ही’ संपतें व सर्वजण एकमेकांस ‘तूं’ म्हणतात, मग समोर प्राध्यापक असो कीं मंत्री. शिक्षकास ‘तूं’ म्हणतांना आमची जीभ दोन दिवस अडखळत होती.

पहिला धडा पडण्याचा. पडावयाचें तें कुशीवर. मग दोन्ही फळ्या उताराला आडव्या व अंगाच्या खालच्या बाजूस आणावयाच्या, आणि मग उठावयाचें. फळ्या उताराच्या दिशेनें ठेवून उठूं पाहाल तर उठतां उठतांच निघून जाल. आम्हीं तसें चार वेळां केलें. दुसरा धडा ‘नांगर’. जर्मन भाषेंतहि त्यास नांगरच म्हणतात. फळ्यांचीं पुढचीं टोंकें जवळ आणि टांचा दूर, अशी पाचर करावयाची. म्हणजे आंतल्या कडा बर्फांत रुततात आणि वेग मंदावतो. वळावयाचें असेल तर बाहेरच्या पायावर भार द्यावयाचा. हें कागदावर पांच ओळींत संपतें. पायांस समजावयास दीड दिवस लागला.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण, आणि ज्यासाठीं हा लेख लिहावासा वाटला त्यांतली ती एक आहे. उतारावर भीति वाटली कीं मनुष्य मागें रेलतो. शरीर डोंगराकडे ओढ घेतें. वाटतें, मागें राहिलों तर वांचूं. वस्तुतः घडतें तें उलट. भार मागें गेला कीं फळीचें पुढचें टोंक हलकें होतें, मग ती वळविली वळत नाहीं, आणि वेग वाढतो. सावरावयाचें असेल तर ज्या दरीची भीति वाटते तिच्याकडेच झुकावें लागतें. नडग्या बुटाच्या पुढच्या भागावर टेकाव्या लागतात. शिक्षक दिवसभर एकच शब्द ओरडत होते: “पुढें! पुढें!” बुद्धीस तें पहिल्या पांच मिनिटांत पटलें. परंतु पटणें निराळें आणि दरीकडे झुकणें निराळें. पुस्तकांतलें कळलें कीं तें आपणांस आलें, असा समज शाळेंत पहिला येणाऱ्या मुलाचा सहज होतो. त्या उतारानें आमचा तो समज एका सकाळींत घालविला, आणि आम्ही त्याचे उपकार मानतों.

संध्याकाळीं आम्ही शेजारच्या खेड्यांतील एका स्वस्त विश्रामगृहांत उतरत असूं. लांकडाची एक मोठी खोली, मधोमध शेगडी, तिच्याभोंवतीं चौदा जणांचे ओले हातमोजे आणि पायमोजे वाळत टाकलेले. त्या वासाचें वर्णन न केलेलें बरें. स्वयंपाक पाळीनें करावयाचा होता. आम्हीं पिशवींतून बेसन, जिरें आणि मिरच्या नेल्या होत्या. दुसऱ्या रात्रीं आम्हीं चौदा जणांसाठीं पिठलें केलें आणि तें तिकडील काळ्या पावाशीं खाल्लें. फिनलंडच्या मुलानें तीन वेळां वाढून घेतलें व विचारलें कीं ह्यास मांस कोणतें. विनिमय म्हणजे देवघेव. घेण्यास आपण उत्सुक असतों. परंतु चार भारतीय चार महिने एकाच खोलींत जमून, एकमेकांच्याच हातचें खाऊन परत येतात, तेव्हां देण्याघेण्याचें काय होतें? त्या रात्रीं कोरियाच्या मुलीनें सांगितलें कीं तिच्या आईनेंहि तिला हाच प्रश्न विचारला होता, शिकावयास गेलीस कीं खेळावयास. स्पेनचा जण म्हणाला, त्याच्या बापानें विचारलाच नाहीं, कारण बापास काम नव्हतें आणि मुलानें स्वतः रात्रपाळी करून पैसे जमविले होते. अशीं बोलणीं वर्गांत होत नाहींत. दिवसभर एकमेकांस तोंडघशीं पडतांना पाहिलेलें असलें म्हणजे होतात.

तिसऱ्या दिवसाची हकीकत लिहितांना हात जड होतो. ती आम्हीं घरीं कधींहि कळविली नव्हती.

तिकडे उतारांस रंग दिलेले असतात: निळा सोपा, तांबडा मध्यम, काळा अवघड. आमचा वर्ग निळ्यावर होता व बरा चालला होता. दुपारीं जेवणास सुटी देतांना शिक्षकांनीं सांगितलें कीं एक वाजतां ह्याच ठिकाणीं जमा. परंतु जेवतांना आम्ही पहिल्या वर्गाच्या मंडळींत जाऊन बसलों. ते तांबड्या उताराविषयीं बोलत होते. फिनलंडचा मित्र म्हणाला, “फार सोपा आहे, चल.” त्यानें तें प्रेमानें म्हटलें, फिनलंडच्या मनुष्यास तो सोपाच होता. आम्हांस नाहीं म्हणतां आलें नाहीं. अडीच दिवस खालच्या वर्गांत काढले होते, आणि उद्यां परत जावयाचें होतें; मनांत कोठें तरी असें होतें कीं शेवटच्या दिवशीं तरी आपण पुढच्या बाकावर बसावें.

अर्धा उतार ठीक गेला. मग डोंगराची सांवली लागली, आणि सांवलींतलें बर्फ कांचेसारखें घट्ट होतें. नांगर रुतेना. आम्ही मागें रेललों. पुढें काय होतें तें वर लिहिलेंच आहे. उताराच्या कडेस ब्राझीलची मुलगी, आमच्याकडे पाठ करून, आपल्या सोबतिणीची वाट पाहत उभी होती. आम्हीं ओरडलों, मागाहून लक्षांत आलें कीं आम्हीं मराठींत ओरडलों होतों. “बाजूला व्हा!” हे शब्द त्या डोंगरांत कोणास समजणार? आम्ही मागून तिच्यावर आदळलों. आम्हांस खरचटलेंहि नाहीं. ती उजव्या हातावर पडली आणि तिचें मनगट मोडलें.

सुटकेचें काम करणारे दोघे जण घसरगाडी घेऊन थोड्याच वेळांत आले व तिला गांवांतल्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. क्ष-किरण, प्लास्टर, विम्याचे कागद. ती आम्हांस रागें भरली नाहीं. एकच वाक्य बोलली: “तूं मागून येत होतास.”

त्या वाक्याचा पूर्ण अर्थ आम्हांस संध्याकाळीं कळला. आंतरराष्ट्रीय स्की-संघानें १९६७ सालीं उतारावरील वर्तनाचे दहा नियम ठरविले आहेत. ते विजेच्या पाळण्यांजवळ फलकांवर लिहिलेले असतात, आणि आम्ही तीन दिवस त्यांच्यासमोरून जात होतों. त्यांतला तिसरा नियम असा आहे कीं जो मागून येतो त्यानें आपला मार्ग असा निवडावा कीं पुढच्यास अपाय होऊं नये. पुढच्यानें मागें वळून पाहत राहण्याची अपेक्षा नाहीं. मागून, वरून, वेगानें येणारा जो असेल त्यानें सांभाळावयाचें. दुसरा नियम म्हणतो, वेग आपल्या कौशल्याच्या बेताचा ठेवावा. नववा म्हणतो, अपघात झाल्यास मदत करणें प्रत्येकाचें कर्तव्य आहे. दोष कोणाचा हें ठरवितांना तिकडील न्यायालयेंहि हे नियम विचारांत घेतात. आमच्या मनांत आलें कीं आपल्याकडील रस्त्यांवर रीत ह्याच्या नेमकी उलट आहे. मोठी गाडी मागून येते, भोंगा वाजविते, आणि पायीं चालणाऱ्यानें बाजूस व्हावें अशी तिची अपेक्षा असते. न झाला तर त्याचाच दोष. आम्हीं त्या उतारावर जो ओरडा केला तो ह्याच संवयीचा होता. वेग आमचा, उतार आम्हीं निवडलेला, आणि बाजूला व्हावयाचें तिनें!

गृहरचनेच्या विद्यार्थिनीचा उजवा हात सहा आठवडे प्लास्टरांत. सत्राअखेरचे नकाशे आणि इमारतीची पुठ्ठ्याची प्रतिकृति महिनाअखेर द्यावयाची होती. प्राध्यापकांनीं मुदत वाढवून दिली, परंतु त्यामुळें तिचें परतीचें तिकीट वाया गेलें. त्याचे पैसे आम्हीं शिष्यवृत्तीच्या शेवटच्या हप्त्यांतून दिले. ती नको म्हणत होती. मोजून तीन आठवडे आम्ही रोज संध्याकाळीं तिच्या खोलीवर जाऊन ती सांगेल तसे पुठ्ठे कापीत असूं. पातें सरळ धरावयाचें, एका ओढींत कापावयाचें, कड खरवडावयाची नाहीं. आमच्या पहिल्या दहा भिंती तिनें टाकून दिल्या. तेथेंहि आमचा वर्ग सर्वांत खालचाच होता. ह्या वेळीं मात्र उठण्याची घाई आम्हीं केली नाहीं.

आतां पालकांच्या शंकांविषयीं. पैसा लागतो, हें खरें. ज्याच्या घरीं तो नाहीं त्यानें कर्ज काढून स्की शिकावें असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. इन्सब्रुकचा आमचा पहिला मित्र न आल्यानें कांहीं कमी ठरला नाहीं. फळ्या, बूट, शिरस्त्राण भाड्यानें मिळतात. विकत घेण्याच्या मोहास मुलांस पडूं देऊं नये. विमा मात्र आधीं विचारावा. डोंगरावरून जखमी मनुष्यास विमानानें उतरवावें लागलें आणि विमा नसेल, तर तो खर्च त्याच्याच अंगावर पडतो. शिक्षकावांचून जाणारी सहल असेल तर बेलाशक नाहीं म्हणावें. हात-पाय मोडण्याची भीति खोटी नाहीं, आणि ती खोटी आहे असें आमच्यासारख्यानें सांगूं तरी कोणत्या तोंडानें? कोणी म्हणतील, हें सर्व शिकण्यास ऑस्ट्रिया कशाला? बरोबर आहे. काश्मिरांतील गुलमर्ग येथें सरकारी संस्थेंत हें शिक्षण मिळतें, आणि त्याच गुलमर्गच्या परिसरांतले आरिफ खान हे २०२२ सालच्या बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकांत भारताचे एकमेव खेळाडू होते. सह्याद्रींत गड चढतांनाहि खालच्या वर्गांत बसतां येतें. परंतु जो परदेशीं गेलाच आहे, त्यानें तेथील चार भिंतींआड राहून परत यावें, ह्यास आमचा विरोध आहे.

आणखी एक विनंति पालकांस करावीशी वाटते. मूल दूरध्वनीवर बोलतें तेव्हां आपण विचारतों, नंबर कितवा आला. आमच्या घरींहि तेंच विचारीत. आज काय जमलें नाहीं, हें कोणी विचारीत नसे. त्यामुळें जें जमलें नाहीं तें सांगण्याची संवय आम्हांस लागली नाहीं. ब्राझीलच्या मुलीचें मनगट आमच्यामुळें मोडलें, ही गोष्ट आम्हीं इतकीं वर्षें घरांत लपवून ठेवली ती त्यामुळेंच.

दिवाळींत शेजारच्या गृहस्थांसमोर आम्हीं ती पहिल्यानें सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनीं विम्याचें पुन्हां एकदां विचारलें, कागदावर टिपून घेतलें, आणि मुलीस पैसे पाठवितों म्हणाले. बाबा कांहींच बोलले नाहींत. पाहुणे गेल्यावर त्यांनीं फराळाचीं ताटें उचलून आंत नेलीं, परत येऊन आरामखुर्चींत बसले आणि विचारलें, “त्या मुलीचा हात बरा झाला का?”

झाला, आम्ही म्हणालों. नकाशे काढते. थंडीच्या दिवसांत मात्र अजून दुखतो, असें तिनें कळविलें आहे.